तंबाखू सोडल्याचा अर्ज

नानांचं, आमच्या वडिलांचं, तेरावं होऊन गंधमुक्ती झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच भूषणनं माझ्यापुढे अर्ज ठेवला. पाहुणे गेले होते. दारावर बसायला येणाऱ्यांसाठी ओट्यावर टाकलेली सतरंजी तशीच होती.

"फक्त सही कर, वारस म्हणून. सोमवारी ग्रामपंचायतीत शिबिर आहे. शेवटचा दिवस."

वाचल्याशिवाय मी सही करत नाही. जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी अठरा वर्षं काम करते आणि तिथं आलेलं प्रत्येक पत्र दोनदा वाचते. माझ्या भावाला हे माहीत आहे, म्हणून तो आधीच वैतागलेला होता.

सरकारनं यंदा तंबाखूच्या मदतीचं धोरण बदललं होतं. पूर्वी पान वाळवायला ताडपत्री मिळे, शेडला पैसे मिळत. ते बंद झालं होतं. त्याऐवजी जो तंबाखू सोडेल त्याला तीन वर्षं एकरी रक्कम मिळणार होती, शिवाय ठिबक आणि केळीची रोपं. अटी दोन होत्या. मागचे तीन हंगाम त्या शेतात तंबाखूची नोंद हवी, आणि यापुढे तिथं तंबाखूचं एकही रोप नको. नाना गेले म्हणून आता अर्ज आम्ही दोघा भावंडांनी करायचा होता.

चौथ्या पानावर प्रतिज्ञापत्र होतं. 'नदीकाठच्या सदर तीन एकर क्षेत्रावर मयत खातेदार हिलाल दगा पाटील हे मागील तीन हंगाम स्वतः तंबाखूची लागवड करीत होते.'

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"पीक पाहणीला नोंद आहे. फोटोसकट."

"नोंद कुणी केली?"

"मी. नानांना मोबाईल कुठं जमायचा?"

"मग फोटो दुसऱ्याच्या वावरातला असेल."

भूषण उठून उभा राहिला. "मोठ्या बहिणीला काही म्हणता येत नाही," तो म्हणाला आणि चहा न पिताच बाहेर गेला.

मला तसं वाटायला कारण होतं. आई सहा वर्षांपूर्वी गेली. लहानपणापासून ती दातांना मिसरी लावायची, आमच्याच वावरातली तंबाखू तव्यावर भाजून. गालाच्या आतून सुरू झालं ते जबड्यात उतरलं. ऑपरेशननंतर तिला बोलता येईना. धुळ्याच्या दवाखान्यात नानांनी माझ्यासमोर तिचा हात धरून, तिला नावानं हाक मारून सांगितलं, "सुंदर, आपला वावरमा परत हाई पीक उभं ऱ्हावाव नही." दोन दिवसांनी ती गेली. दिवस झाल्यावर नानांनी नदीकाठचं उभं पीक, कमरेएवढं झालेलं, नांगर घालून मोडलं. सगळ्या गावानं पाहिलं. मीही बांधावर उभी होते. माझे वडील दिलेला शब्द पाळणारे आहेत, हे त्या दिवशी मी मनात पक्कं करून टाकलं, आणि पुन्हा कधी तपासलं नाही.

दुपारी गौतमचंदशेठ आले. दोंडाईच्याचे तंबाखूचे व्यापारी. आमचं पान त्यांच्या वडिलांपासून त्यांच्याकडे जायचं. गंधमुक्तीला येता आलं नाही म्हणून हात जोडले, नानांच्या फोटोपुढे थोडा वेळ बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, सही करून टाक."

अर्जाचं यांना कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. भूषण पाणी आणायला आत गेला, तेवढं पुरे होतं.

"शेठ, तुम्ही तंबाखूवर जगता. गावानं तंबाखू सोडली तर तुमचं कसं?"

ते हसले. "दोन वर्षांचा माल गोदामात पडून आहे. मदत मिळते म्हणून जो तो लावत सुटला, भाव बसला. आता लागवड उतरली की माझ्या मालाला भाव येईल."

"म्हणून मी सही करायची?"

"तू विचारलंस म्हणून खरं सांगितलं. तुझ्या भावानं विचारलं नाही, त्याला नाही सांगितलं."

"आणि तो माल संपल्यावर?"

"गुजरातमधून आणू. विड्या ओढणारे लोक काही अर्ज भरून सोडत नाहीत, बेटा."

इतका मोकळेपणा मला बरा वाटला नाही. एक खरं सांगून माणूस त्यामागं दुसरं काही झाकत असेल, असं वाटत राहिलं. तेवढ्यात ते सहज म्हणाले, "तुझ्या नानांचा माल डोळे मिटून ओळखायचो मी. पातळ, लांब पान. या तीन वर्षांचा मात्र वेगळा. जाड, कडक. भाव उलट जास्तच मिळाला. मी विचारलंही, हिलालभाऊ, हात बदलला का? तर म्हणाले, वय झालं."

"या तीन वर्षांचा?"

"हां. दर फाल्गुनात यायचे ना गाडी घेऊन. ड्रायव्हरच्या बाजूला बसून यायचे, बिचारे."

मी रिकामे कप उचलून आत गेले आणि मोरीपाशी उभी राहिले. भूषण आणि शेठ मिळून मला गुंडाळत आहेत, हा पहिला विचार. पण शेठना मी सही करायला हवी होती, आणि माझ्या डोक्यात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. खोटं रचायचं तर त्यांनी जाडपातळ पानाच्या भानगडीत का पडावं?

ते गेल्यावर मी भूषणकडे पीक पाहणीचे फोटो मागितले.

"बघ. घे. चष्मा लाव आणि बघ," त्यानं मोबाईल माझ्या हातात आदळला.

वावर आमचंच होतं. मागं नदीचा काठ, मोडकं पंपघर, पंपघरावर भूषणच्या लग्नात रंगवलेलं नाव. पुढं तंबाखू. मी फोटो बोटांनी मोठा केला आणि एका झाडाची पानं मोजली. मग दुसऱ्या. मग पुढच्या वर्षीचा फोटो.

तंबाखूला फुलं यायच्या बेतात आली की शेंडा खुडतात. किती पानं ठेवून खुडायचा, हे ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. कमी ठेवली तर पान जाड आणि कडक होतं, जास्त ठेवली तर पातळ पण भरपूर. नाना सोळा ठेवायचे. लहानपणी मला पुढं चालवायचे, मी मोठ्यानं मोजायची, सोळा म्हटलं की मागून शेंडा तुटल्याचा आवाज यायचा. दिवसभरात हात चिकानं काळे होत आणि दोन दिवस भाकरी कडू लागे.

फोटोतल्या प्रत्येक झाडाला बारा पानं होती.

"हे नानांनी खुडलेलं नाही," मी म्हटलं.

"आता झाडांवरचे बोटांचे ठसे घे तू."

"कुणी केली तंबाखू, भूषण?"

"नानांच्या वावरात नानांनीच केली म्हणायची. कागदाला तेवढं लागतं." त्यानं मोबाईल काढून घेतला. "आणि तू कुठं होतीस? तीन वर्षांत हिवाळ्यात एकदा तरी आलीस घरी?"

आले नव्हते. नानांनी येऊ दिलं नव्हतं. मार्गशीर्ष लागला की तेच जळगावला यायचे, एसटीनं, पिशवीत भरिताची वांगी घेऊन. "नदीवर गारठा फार. तुला दमा. मीच येत जाईन." दोन दिवस राहायचे, माझ्या पुस्तकांच्या कपाटापुढं उभे राहून नावं वाचायचे आणि परत जायचे. मैत्रिणींना मी हे कौतुकानं सांगत असे. तंबाखू वावरात उभी असते ती नेमकी त्याच दिवसांत.

आतापर्यंत मी भावावर संशय घेत होते, व्यापाऱ्यावर घेत होते. त्या दुपारी तो नानांवर गेला, आणि तिथून मला तो मागं आणता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीकाठच्या वावरात गेले. वावर नांगरून तयार होतं. पंपघराशेजारी रोपांचे चार गादीवाफे होते, वर वाळलं गवत पसरलेलं. एक म्हातारी बाई झारीनं पाणी देत होती. ताईबाई. आमच्याकडच्या बायकांच्या टोळीची मुकादम, आईच्या बरोबरीची. आईला शेवटची आंघोळ घालणाऱ्यांत तीही होती.

"कव्हय उनी व, नूतन?"

"पंधरा दिवस झाले, अक्का. नाना गेले तेव्हापासून इथंच आहे."

"वावरमा कव्हय उनी, हाई इचारस मी." ती सरळ झाली. "आनि मनासंगे पुस्तकनं बोलनं बोलू नको. घरनं बोल."

मी खाली वाकून गवत बाजूला केलं. तंबाखूचं रोप होतं, बोटभर.

"हाई रोप कोनं शे, अक्का?"

"कोनं म्हंजे? मनं शे. वावर तुना बापनं, रोप मनं. तीन साल व्हयनात. निमे-निम."

"कागद?"

"कागद कसाले? कागद व्हता तर तुना भाऊले झोप लागती का?"

हे मला कळण्यासारखं होतं. आमच्याकडे बटाईनं दिलेलं वावर कुणी कागदावर आणत नाही. कसणाऱ्याचं नाव एकदा लागलं की उद्या तो कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती आजोबांच्या काळापासून घराघरांत आहे. म्हणून जमीन तोंडी दिली जाते, पीक तोंडी वाटलं जातं, आणि सरकारी नोंद मालकाच्या नावानं होते. मदत आली तर तीही त्याच नावानं येते.

"नानांनी आईला शब्द दिला होता," मी म्हटलं. रागानं म्हटलं असावं, कारण तिनं झारी खाली ठेवली.

मग तिनं जे सांगितलं ते असं. नानांनी उभं पीक मोडलं तेव्हा नऊ बायका बांधावर होत्या. त्यांचं फाल्गुनापर्यंतचं काम त्या पिकात होतं. खुडणी, फुटवे काढणं, तोड, वाळवण, पहाटे दवानं पान मऊ असताना उलटणं. महिनाभरानं त्या ऊसतोडीला गुजरातेत गेल्या. ताईबाईची सून दिपमाला सातव्या महिन्यात होती. तिथं खोपटात तिचं मूल गेलं. होळीला सगळ्या परत आल्या.

"तुना बाप दारवर उना. बसना नही. म्हने, अक्का, मी बायकोले शब्द दिधा, पन तुमना इचार करा नही. दोन साल तो तसाच फिरे, मन मोडेल. मंग एक दिन म्हने, नदीनं वावर तू कर. तंबाखूच कर, तुले तेच येस. फक्त नूतनले कळाले नको."

"मला का नको?"

"म्हने, तिले बठ्ठं समजी, पन ती बापले माफ कराव नही."

मला सगळं समजेल पण मी माफ करणार नाही, हे वाक्य नानांचं होतं की ताईबाईचं, ते मला ठरवता आलं नाही. रोप वाफ्यात होतं, पोळ्यानंतर लावणी, आणि मी सही केली तर हे चारही वाफे मोडावे लागणार होते. एवढं अडलेलं असताना माणूस गेलेल्याच्या तोंडी काहीही घालू शकतो. मी तिला विचारलं, "शेंडा कितीवर खुडतेस?"

"बारावर." ती चक्क हसली. "तुना बाप बांधवरथून वरडे, सोळा ठेव, सोळा! मी आयकं नही. बारावर पान जाड व्हस. वावर त्यानं, पन हात मना."

बाकीचं मी विश्वासावर घेतलं. म्हणजे घ्यायचं ठरवलं.

सोमवारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पंखा बंद होता. कृषी सहायक दीपक टेबलाशी बसला होता, पंचविशीतला, घामानं भिजलेला. त्याला या गावातून चाळीस एकरांचा लक्ष्यांक होता आणि सदतीस झाले होते. आम्हाला पाहून तो उठून उभा राहिला.

"या ताई. तुमचेच तीन राहिले होते."

मी खुर्चीत बसून चौथं पान काढलं. 'स्वतः' खोडलं आणि वर लिहिलं, 'ताईबाई यांना निमे बटाईने देऊन'. मग अर्ज त्याच्यापुढे सरकवला.

भूषणनं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "वेडी आहेस का तू? कूळ लावतेस घराला? स्वतःच्या हातानं?"

"खरं तेच लिहिलंय."

"अक्कानं शिकवलं ना? तिला कुणी शिकवलं, ते विचार. शेठ? सरपंच? बटाईचं कुणी लिहून देतं का गावात? एक नाव सांग."

"भाऊ, आवाज जरा," दीपक म्हणाला. तो पान उलटसुलट करत होता. "ताई, कसणारा दुसरा असेल तर त्याची संमती लागेल. अंगठा. आणि मदत मालकाला की कसणाऱ्याला, याचं परिपत्रक अजून आलेलं नाही. अर्ज तसाच पडून राहील. त्यापेक्षा कोरा अर्ज देतो मी."

"अक्काला बोलवा," मी म्हटलं.

ताईबाई वावरातूनच आली. पायांना चिखल होता म्हणून उंबऱ्याबाहेर थांबली. दीपकनं तिला समजावलं, चांगल्या शब्दांत, हातवारे करून. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मनं नाव लागनं म्हंजे काम ऱ्हाई का जाई?"

"आजी, तंबाखू तर बंदच करायची आहे ना. केळी येईल तिथं. जगात चांगलं पीक."

"केळीले बाया लागतीस का?"

"लागतात की."

"नऊ?"

दीपकनं भूषणकडे पाहिलं. भूषण खिडकीकडे बघत होता. ठिबकच्या केळीला तीन एकरांत नऊ बायका काय करतील, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"दोन-तीन लागतील, कधीमधी," दीपक म्हणाला. "मजुरांसाठी पुढच्या टप्प्यात काहीतरी येणार आहे, असं वरून सांगतात."

"वरथून," ताईबाई म्हणाली. मग तिनं माझ्याकडे मान वळवली. "आनि तुले? तुले कसाले मनं नाव पाहिजे तठे?"

तिला न्याय मिळावा म्हणून, असं उत्तर ओठांवर आलं. पण ती माझ्या डोळ्यांत पाहत होती, आणि मी खरं तेच बोलले.

"नानांच्या नावावर खोटं राहू नये म्हणून."

"मंग हाई तुनं काम शे. मनं नही." तिनं पदर खोचला. "मी अंगठा लावस नही. आज तू लिखशी, उद्या तुना भाऊ म्हनी, म्हतारीना डोया वावरवर व्हता. आनि काम ते जाईच."

ती गेली. पायऱ्यांवर चिखलाचे ठसे राहिले.

भूषणनं सुटकेचा निःश्वास सोडला. दीपकनं ड्रॉवरमधून कोरा अर्ज काढला, चौथं पान उघडलं, सहीच्या जागी फुली मारली आणि पेन माझ्यापुढे धरलं. तेच वाक्य. स्वतः लागवड करीत होते. नानांनी माझ्याशी तीन हिवाळे खोटं बोलून जे लपवलं होतं, ते या कागदावर वेगळ्याच रीतीनं लपणार होतं, आणि त्याबद्दल आम्हाला पैसे मिळणार होते.

मी पेन घेतलं नाही.

"मी सही करत नाही, भूषण."

"का? कुणासाठी?" त्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "आईला खाल्लं त्या पिकानं. मी नाही बघितलं का? ते आपल्या वावरातून कायमचं जातंय, सरकार पैसे देऊन घालवतंय, आणि तू त्यालाच राखतेस. नानांसाठी? की स्वतःसाठी?"

त्याचं बरोबर होतं. मला वाटत आलं होतं की त्याला फक्त ठिबक आणि केळी हवी आहे. तो दवाखान्यात माझ्यापेक्षा जास्त रात्री बसला होता, हे मी विसरले होते.

"पुढच्या वर्षी मी स्वतः तंबाखू बंद करेन," मी म्हटलं. "पण आधी त्या नऊ जणींना काय, ते ठरवू. तू आणि मी. कागदाशिवाय."

"पुढच्या वर्षी योजना असेल की नाही, कोण सांगणार?"

"नसेल, कदाचित."

तो निघून गेला. दीपकनं दोन्ही अर्ज एकावर एक ठेवले. "सदतीसच राहिले," तो स्वतःशीच म्हणाला.

बाहेर ताईबाई नळावर पाय धूत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"लावणी कव्हय, अक्का?"

"पोळाना मांगे."

"नऊ जणी?"

"आठ. दिपमाला येस नही. ती रावेरले रेल्वेना डबामा केळी भरस. तंबाखूले हात लावत नही ती." तिनं नळ बंद केला. "सही करी का तू?"

"नही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पाहुण्यांच्या गर्दीत, दारावर, भावाच्या मोबाईलवर ज्या संशयी नजरेनं इतके दिवस सगळं बघत होते, तशीच ती नजर होती.

"दखसूत, तू काय करस ते," ती म्हणाली, आणि वावराच्या वाटेला लागली.